उद्घाटनापुरती नाट्यगृहं

महाराष्ट्रात नाट्यगृह बांधायला पैसा कधी कमी पडत नाही. पडतो तो बल्ब बदलायला. कोट्यवधींची निविदा निघते, भूमिपूजन होतं, वास्तूला दिवंगत नटाचं नाव द्यायचं की दिवंगत नेत्याचं यावरून सभेत कागद भिरकावले जातात, एकदाची कोनशिला बसते, फीत कापली जाते, नटराजाच्या मूर्तीला हार पडतो. मग मान्यवर निघून जातात आणि इमारत एका शिपायाच्या, एका वायरमनच्या आणि परमेश्वराच्या हवाली होते. पैकी पहिल्या दोघांची लवकरच बदली होते.

मी व्यावसायिक नाटकांची प्रकाशयोजना करतो. प्रयोगाच्या चार-पाच तास आधी नाट्यगृहात शिरायचं, शिडीवर चढायचं, स्पॉट लावायचे, आणि प्रेक्षक घरी निघाले की सगळं उतरवून पुन्हा टेम्पोत भरायचं, हा माझा धंदा. शिडीच्या वरच्या पायरीवरून जे दिसतं ते फीत कापणाऱ्याला दिसत नाही. बारवर बोटभर धूळ, कबुतरांची घरटी, उघड्या वायरी, त्या वायरींना गुंडाळलेली टेप आणि ती टेप सुटली म्हणून तिच्यावर गुंडाळलेली दुसरी टेप. खाली लॉबीत मात्र इटालियन मार्बल.

नाटक टेम्पोतून येतं. एवढी साधी गोष्ट आपल्या आर्किटेक्ट मंडळींना कुणी सांगितलेली नाही असं दिसतं. दहा-बारा फुटी फ्लॅट, लेव्हल, दारं-खिडक्यांच्या चौकटी, सोफा, कपाट, कपडेपटाच्या पेट्या, लाइटच्या पेट्या, असा सगळा संसार घेऊन रंगमंच कामगार नाट्यगृहाच्या मागच्या दारी उभे राहतात. आता हे मागचं दार पाहा. एका शहरात ते साडेसहा फूट उंचीचं आहे. दुसरीकडे दार ऐसपैस, पण टेम्पो तिथवर जाऊच शकत नाही, कारण वाटेत नगरसेवकनिधीतून उभारलेलं कारंजं आहे. तिसरीकडे खाली पार्किंग आणि वर रंगमंच, मध्ये काटकोनात वळणारा जिना. सामानाची लिफ्ट आराखड्यात होती म्हणे. खर्च वाढला म्हणून वगळली. त्या जिन्याच्या वळणावर फ्लॅट आडवा करून, कुणाच्या खांद्याची साल काढून, भिंतीचा रंग खरवडून तो वर न्यावा लागतो. भिंत खरवडली म्हणून अनामत कापली जाते. खांदा खरवडल्याचं कुणी विचारत नाही.

वर आलात की विंग शोधायची. चांगल्या रंगमंचाला दोन्ही बाजूंना जागा लागते. पुढच्या प्रवेशाचं सामान तिथे उभं राहतं, नट तिथे थांबतात, माझे साइड लाइट तिथे लागतात. आपल्याकडे प्रेक्षकांना दिसणारा मंच चाळीस फुटी असतो आणि विंगेत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं श्वास रोखून धरायचा असतो. ती जागा गेली कुठे? ती गेली व्हीआयपी कक्षाला. हा कक्ष सगळीकडे असतो. त्यात लेदरचा सोफा असतो, स्वतंत्र एसी असतो, चालू स्थितीतलं स्वच्छतागृह असतं. वर्षातून चार-सहा वेळा तो उघडतो. त्याला लागूनच बायकांची मेकअप रूम. आरशाभोवती बल्बचे होल्डर आहेत, बल्ब नाहीत. संडासाला दार आहे, कडी नाही. दोन प्रवेशांच्या मधल्या तीन मिनिटांत नऊवारी सोडून पाचवारी नेसणारी नटी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहते, आणि तिची एन्ट्री आधी आली तर कपडेपटवाल्या मावशी दार धरतात. हे मी दौऱ्यावर इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता कुणी कडी असलेलं दार दाखवलं तर आम्ही त्याचा फोटो काढतो.

एसीची कहाणी वेगळीच. तिसरी घंटा झाल्याशिवाय तो लावायचा नाही, असा अलिखित नियम. प्रेक्षागृह थंड होतं तोवर मध्यंतर येतं. शेवटच्या प्रवेशात नायक मरणपंथाला लागला की प्लांट बंद, कारण बंद केल्यावरही गारवा थोडा वेळ टिकतो हे ऑपरेटरला पक्कं ठाऊक असतं. मंचावर तर एसीचा झोत येतच नाही. तिथे दिव्यांखाली नट भरजरी अंगरख्यात घामाघूम. एका व्यवस्थापकाला मी यावर छेडलं तेव्हा तो बिचारा खरं बोलला. ‘साहेब, नाटक चांगलं झालं की वाईट, हे मला वरून कुणी विचारत नाही. वीजबिल मात्र दर महिन्याला विचारतात.’

सगळा रोग त्या वाक्यात आहे. नाट्यगृहाचा व्यवस्थापक म्हणजे नावाचाच व्यवस्थापक. काल तो पाणीपट्टी विभागात होता, उद्या जन्म-मृत्यू नोंदणीत असेल. आज त्याच्या ताब्यात हजार खुर्च्यांचं नाट्यगृह आहे आणि साधा बल्ब विकत घ्यायचा अधिकार नाही. बल्ब विद्युत विभागाकडे, गळकं छत स्थापत्यकडे, झाडलोट ठेकेदाराकडे, तारखा आणि भाडं आणखी कुठल्या विभागाकडे. मंचावरची फळी उचकटली तर त्याची फाइल तयार होते, ती तीन टेबलं फिरते, आणि तोवर त्या फळीच्या खिळ्यात एखाद्या लावणीवालीचा पाय अडकलेला असतो. महापालिकेच्या रुग्णालयात डॉक्टर असावा लागतो हे सगळ्यांना मान्य. नाट्यगृहात नाटक कळणारा एक तरी पगारी माणूस असावा, असं म्हटलं की आस्थापना विभाग तुमच्याकडे असा पाहतो की तुम्ही हत्ती मागितलात. असं पद आकृतिबंधात नाही, म्हणतात. पण कोनशिलेवर कोणाकोणाची नावं कोणत्या क्रमानं कोरायची, याचा आकृतिबंध यांना तोंडपाठ!

बरं, मग डागडुजी होत नाही का? होते की. ‘नूतनीकरण’ नावाची मोठी डागडुजी दर काही वर्षांनी निघते, आणि तिची मला पडझडीपेक्षा जास्त धास्ती वाटते. एका जिल्ह्याच्या गावी असंच नवं झालेलं नाट्यगृह पाहिलं. शिडी लावायला मंचावर पाय ठेवला आणि खाली माझंच प्रतिबिंब. जुनी सागवानी फळ्यांची जमीन झाकून वर आरशासारखं पॉलिश केलेलं काहीतरी बसवलं होतं. मंचाची जमीन काळपट आणि निस्तेज का ठेवतात? वरून पडलेला प्रकाश तिनं गिळावा म्हणून. इथे मी एका कोपऱ्यात खाट उजळायला स्पॉट मारला तर तो जमिनीवरून उसळून सायकवर, म्हणजे मागच्या आकाशाच्या पडद्यावर, गेला आणि आकाशात चंद्र उगवला. नाटकात अमावस्या होती. नट दोनदा घसरले ते वेगळंच. भिंतींना चकचकीत टाइल्स, छताला पीओपीचे कमळ-गुच्छ. प्रेक्षागृहाच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवली तर ती समोरासमोरच्या दोन भिंतींत टणटणत राहिली. तिथल्या अभियंत्याला विचारलं, हे असं का केलंत? तो म्हणाला, साहेबांना चकाचक पाहिजे होतं.

लाइटचं पॅनेलही नवं होतं. डिमरच्या रॅकवर उद्घाटनाची झेंडूची माळ सुकलेली, आणि अर्ध्याहून जास्त चॅनेल मुके. ‘कंपनीचा माणूस येऊन जाईल.’ हे वाक्य मी महाराष्ट्राच्या सगळ्या बोलींत ऐकलं आहे. त्यामुळे होतं असं की नाट्यगृहाच्या भाड्यात दिव्यांचे पैसे भरायचे आणि वर खासगी पुरवठादाराकडून दिवे, डिमर, स्पीकर सगळं भाड्यानं आणायचं. निर्माता दोनदा पैसे भरतो, आणि तिकीट महाग झालं की प्रेक्षक निर्मात्याला शिव्या घालतो.

आता कुणी म्हणेल, हा कुठल्या तरी आडगावच्या गोष्टी रंगवून सांगतोय. ठीक आहे, नावानिशी जगजाहीर गोष्टी घेऊ. मे २०२३. रत्नागिरीत भरत जाधव यांनी भर मंचावरून प्रेक्षकांची माफी मागितली. एसी नाही, ध्वनियंत्रणेची बोंब. यापुढे रत्नागिरीत प्रयोग करायला येणार नाही, असं सांगून ते निघाले. ज्या कोकणानं मराठी नाटकाला नट पुरवले, नमन-दशावतार पुरवले, प्रेक्षक पुरवले, तिथे ही अवस्था. आणि माफी कुणी मागितली? नटानं!

गोव्याची तऱ्हा आणखी वरची. पणजीची कला अकादमी म्हणजे चार्ल्स कोरियांनी मांडवीकाठी उभी केलेली वास्तू, १९८३ची. तिच्या नूतनीकरणाचं कंत्राट निविदा न मागवता दिलं गेलं. विधानसभेत त्यावर प्रश्न आला तेव्हा कला-संस्कृती खात्याच्या मंत्र्यांनी शहाजहानचा दाखला दिला: त्यानं ताजमहाल बांधताना कोटेशनं मागवली नव्हती, म्हणून तो अजून सुंदर आहे. जुलै २०२३ मध्ये, काम चालू असतानाच, तिथल्या खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. सुदैवानं त्या वेळी खाली कुणी नव्हतं. नोव्हेंबरात वास्तू खुली झाली आणि पुढे गळतीच्या, प्रकाश-ध्वनीच्या तक्रारी इतक्या झाल्या की दोष शोधायला दिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. म्हणजे नाटकवाल्याला बोलावलं, पण कधी? पैसे खर्चून झाल्यावर. हीच समिती आराखड्याच्या दिवशी बसवली असती तर शहाजहानला आग्र्याहून यायचं कारण पडलं नसतं.

आणि कोल्हापूर. तिथलं लिहिताना वाकडं बोलणं जमत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेच्या कुस्ती मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं, ते १९१५ मध्ये सुरू झालं. पुढे त्याला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी वास्तूची होती आणि बांधणाऱ्यांना ते ठाऊक होतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कोल्हापूरचे रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडताना साऱ्या महाराष्ट्रानं पाहिले. लगोलग मंत्री आले, निधी जाहीर झाला, ‘होतं तसं उभारू’ असं आश्वासन आलं. उभारतीलही. मला त्या इमारतीची काळजी आहेच. पण राज्यभरच्या उरलेल्या नाट्यगृहांत किती अग्निशामक नळकांड्यांची मुदत संपली आहे, किती ठिकाणी आणीबाणीच्या दारामागे जुन्या खुर्च्यांचा ढीग आहे, हे त्या रात्रीनंतर कुणी मोजलं का? पडदे, लाकूड, कापड, रंग, वर तापलेले दिवे आणि टेपेवर टेप गुंडाळलेल्या वायरी. एवढं सगळं एका छताखाली असताना वर्षातून एकदा वायरिंग तपासणं हे कुणाचं काम आहे, त्या माणसाचं नाव सांगा, मी हा लेख मागे घेतो.

मुंबईत आगीची गरज पडत नाही, तिथे पुनर्विकास आहे. परळचं दामोदर १९२२चं. गिरणगावातल्या कामगारांनी दिवसभर साचे चालवून रात्री जी रंगभूमी चालवली, तिचं हे घर. २०२३च्या अखेरीस ते पुनर्विकासासाठी बंद झालं, आणि नवं नाट्यगृह केवढं, कुठे, कधी, यासाठी रंगकर्मींना भांडावं लागलं. पुण्याच्या बालगंधर्वावरही असाच हात फिरायचा होता. ते पाडून तिथे मोठं संकुल उभारण्याचा बेत पुढे आला, विरोध झाला, फाइल मागे सरकली. खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते १९६२ मध्ये पाया घातलेली, पु. ल. देशपांड्यांनी जातीनं लक्ष घातलेली, २६ जून १९६८ला उघडलेली ही वास्तू. बालगंधर्व आदल्याच वर्षी गेले होते, त्यांना ती पुरी झालेली पाहता आली नाही. आता ती जुनी झाली, अपुरी पडते, हे खरंच; पार्किंग नाही हेही खरं. पण ज्या संस्थेला असलेल्या एका नाट्यगृहातले डास आवरत नाहीत, तिला त्याच जागी आणखी सभागृहं कशाला हवीत? डासांची सोय व्हावी म्हणून?

मध्यंतरी सरकारनं राज्यभरात पंचाहत्तर नवी नाट्यमंदिरं उभारायची घोषणा केली होती. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पंचाहत्तर कोनशिला. पंचाहत्तर व्हीआयपी कक्ष.

यावर एक ठेवणीतलं उत्तर असतं, आणि ते नाटकाची आवड असलेल्या अधिकाऱ्यांकडूनच जास्त ऐकू येतं. ‘अहो, छबिलदासच्या काळात तुम्हीच शाळेच्या हॉलमध्ये नाटकं केलीत ना? खरा रंगकर्मी सोयी मागत नाही.’ बरोबर. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून ‘आविष्कार’नं जी चळवळ चालवली, तिथे ना विंग होती ना एसी, रस्त्यावरचा गोंगाट थेट नाटकात यायचा. पण तिथे दोन गोष्टी मिळायच्या ज्या आज सोन्याच्या मोलानंही मिळत नाहीत. तारीख मिळायची आणि भाडं परवडायचं. हॉल पडका होता म्हणून प्रायोगिक नाटक फुललं नाही. पडका असूनही फुललं, कारण चालवणारी माणसं नाटकवेडी होती. जुहूचं पृथ्वी थिएटर घ्या. ५ नोव्हेंबर १९७८ला सुरू झालं, खुर्च्या जेमतेम दोनशे, प्रेक्षक मंचाच्या तीन बाजूंना. नाटक सुरू झालं की दार बंद, मग बाहेर कुणीही उभा असो. हा एवढा नियम महापालिकेच्या नाट्यगृहात लावून दाखवा. दुसऱ्या अंकाला सहकुटुंब येऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्या साहेबांना दारावरचा माणूस अडवेल? त्याची बदली कुठे होईल सांगता येत नाही.

प्रेक्षकांनाही सोडत नाही. सुबोध भावे यांना २०१९ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं की मोबाइल असेच वाजत राहिले तर मी नाटकात काम करणं थांबवेन. लोक हळहळले, आणि ते हळहळणंही त्यांनी नाटक चालू असताना फोनवर टाइप केलं असेल. तिकिटाला पाचशे मोजणारा माणूस तुटक्या खुर्चीबद्दल चकार शब्द काढत नाही. वडा गार मिळाला तर मात्र मॅनेजरला बोलावतो.

आणि आम्ही? आम्ही नाटकवाले सगळ्यांत मोठे गुन्हेगार. गैरसोयीच्या कहाण्या आम्ही मेकअप रूममध्ये सांगतो, हसतो, आणि ‘शो मस्ट गो ऑन’ म्हणून पुन्हा शिडीवर चढतो. उद्घाटनाला बोलावलं की झब्बा घालून जातो, महापौरांच्या शेजारी उभं राहून फोटो काढतो, माइकवर ‘अशी वास्तू अख्ख्या देशात नाही’ असं सांगतो. माझ्या ओळखीच्या एका नामवंत नटानं एकाच मोसमात तीन नाट्यगृहांना ‘देशात एकमेव’ ठरवलं. नाट्यसंमेलनं होतात. जानेवारी २०२४ला पिंपरी-चिंचवडला शंभरावं झालं, मांडव केवढा होता! त्या मांडवाच्या खर्चात किती कड्या आल्या असत्या याचा हिशेब कुणी मांडला नाही, मीही नाही. कारण बोललं की तारीख जाते.

तारीख! सगळी नाडी तिच्यात आहे. व्यावसायिक नाटक शुक्रवार ते रविवार जगतं. त्या तीन दिवसांच्या उत्पन्नावर नट, बॅकस्टेजवाले, बुकिंगवाला, टेम्पोवाला अशी पंधरा-वीस घरं चालतात. आणि बहुतेक पालिकांच्या अर्जामागे बारीक टाइपात एक अट असते: आवश्यकता भासल्यास दिलेली तारीख रद्द करण्याचा अधिकार प्रशासन राखून ठेवत आहे. डिसेंबर-जानेवारीत, ऐन मोसमात, गॅदरिंगांची रांग लागते. ती पोरं तरी गोड असतात. निवडणूक जवळ आली की मेळावे, सत्कार, एकसष्टी, अमृतमहोत्सव. एका शहरात आमचा रविवारचा प्रयोग शुक्रवारी दुपारी काढून घेतला. प्लॅन उघडलेला, जाहिरात छापून आलेली, बाल्कनीपर्यंत बुकिंग झालेलं. कुणा नेत्याचा नागरी सत्कार होता. भाडं परत मिळालं, चार महिन्यांनी. जाहिरातीचे पैसे, टेम्पोचा ॲडव्हान्स, प्रेक्षकांना परत केलेली तिकिटं, बॅकस्टेजच्या पोरांची बुडलेली नाईट यांचं काय, असं विचारलं तर समोरचा म्हणाला, ‘अर्जावर सही तुमचीच आहे ना?’

त्या सत्काराला माझे दिवे वापरायला मागितले होते, हे सांगायचं राहिलं. नाट्यगृहाचे चालत नाहीत ना.

तर माझं मागणं एवढंच. नवी नाट्यगृहं बांधू नका. आहेत त्यांना नाटक कळणारा एक व्यवस्थापक द्या, त्याला स्वतःच्या सहीनं खर्च करता येईल अशी वर्षाची रक्कम द्या, एक तंत्रज्ञ कायमचा ठेवा आणि वायरिंग तपासल्याची तारीख दर्शनी भागात लावा, कोनशिलेच्या शेजारी. शुक्रवार ते रविवारच्या दिलेल्या तारखा काढून घेणारं ते बारीक टाइपातलं कलम खोडून टाका. सत्कार मंगळवारी करा. मंगळवारी नाट्यगृह रिकामं असतं, आणि नेत्यावर खरंच प्रेम असेल तर लोक मंगळवारीही येतील.